पूर्णेच्या काठची खारी माती

शेतजमिनीत विरघळणारे क्षार पिकाला सोसवतील त्यापेक्षा जास्त साठले, किंवा मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम वाढला, की ती जमीन क्षारपड म्हणून ओळखली जाते. व्यवहारात या दोन्ही प्रकारांना एकच नाव मिळते आणि बहुतेक चुकीचे उपचार तिथूनच सुरू होतात. पहिल्या प्रकारात, म्हणजे क्षारयुक्त जमिनीत, मातीतले पाणीच खारट होते. ओल असूनही मुळांना ती ओढून घेता येत नाही आणि पीक पाण्यात उभे राहून सुकते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चोपण जमिनीत, मातीची घडण मोडते. कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी खाली जात नाही, हवा आत शिरत नाही. तिसरा प्रकार दोन्ही दोषांचा. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली या प्रकारांच्या सीमा आखल्या आणि त्याच आजही वापरात आहेत. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमनपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण, आणि अशा जमिनीचा सामू बहुधा ८.५ ओलांडतो.

महाराष्ट्रात अशा जमिनी सुमारे सहा लाख हेक्टर भरतात. त्यांतील समुद्राच्या पाण्याने खारावलेल्या जमिनी जेमतेम सात हजार हेक्टर. जमीन खारावणे म्हटले की डोळ्यांपुढे कोकणची खाडी येते, पण राज्यातला हा प्रश्न मुख्यतः समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या काळ्या जमिनींचा आहे. एकूण क्षेत्राच्या दोनतृतीयांशांहून अधिक भाग चोपण प्रकारात मोडतो.

या काळ्या जमिनींचा राज्यातला सर्वांत मोठा सलग पट्टा जिथे संपतो, तिथून वरणगाव फार दूर नाही. भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या मधल्या या गावाच्या वरच्या अंगाला, चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. संगमाच्या खाली हतनूरचे ४१ दरवाजांचे धरण आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत उगम पावून पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत येते. तिच्या दोन्ही तीरांवर सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा, जवळजवळ ९०० गावांचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, आकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला विहिरीचे पाणी गोड असण्याची सवयच नाही. पट्ट्याचे पश्चिमेकडचे टोक जळगाव जिल्ह्यात पूर्णेच्या काठाने शिरते. कृषी संशोधनाच्या दृष्टीने मात्र ही नदी दोन विद्यापीठांत वाटली गेली आहे. वरचे खोरे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे, तर जळगाव जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. खारपाणाचा अभ्यास अकोल्यात झाला. त्याची गरज ज्यांना उद्या पडेल ते पूर्णेच्या खालच्या अंगाचे शेतकरी मात्र राहुरीच्या शिफारशी वाचतात.

या पट्ट्यातल्या पाण्याचा खारेपणा जुना आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडच्या सत्याग्रहींना समुद्र गाठण्याची गरज पडली नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावच्या खाऱ्या विहिरींवरच त्यांनी कायदा मोडला.

खार येतो कुठून

पूर्णेचे खोरे ही भूगर्भातल्या भ्रंशांमुळे खचलेली लांबट खोलगट जागा आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून लाखो वर्षे गाळ येत राहिला आणि काही ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरच्या वर गेली. हा गाळ बेसॉल्ट खडक झिजून तयार झाला. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारात सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असतात. खडक झिजताना दोन्ही सुटतात. जिथे पाऊस भरपूर, तिथे ते वाहून जातात. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस मध्यम आणि उन्हाळा कडक, त्यामुळे ते मातीतच राहतात.

पुढची पायरी महत्त्वाची. मातीतले पाणी आटत जाते तसा त्यातला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडतो आणि चुनखडीचे खडे तयार होतात. काळ्या जमिनीत फूट-दोन फूट खणले की सापडणारे पांढरट खडे ते हेच. कॅल्शियम असा बाजूला पडला की द्रावणात सोडियमचा वाटा वाढतो आणि तो चिकणमातीच्या कणांवर जागा मिळवतो. १९९० च्या दशकात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातल्या जमिनींवर हे काम केले. चुनखडी साठत जाणे आणि सोडियम वाढत जाणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखवले. या जमिनींतली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. अशा मातीची पाणी वाहून नेण्याची शक्ती सोडियम १५ टक्क्यांवर जाण्याची वाट पाहत नाही. ५ टक्क्यांच्या आसपासच ती घसरू लागते. म्हणजे पुस्तकी कसोटीवर ‘चोपण नाही’ असा शेरा मिळालेली काळी जमीन शेतात चोपणासारखीच वागू शकते. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर विसंबून राहणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

कोकणातल्या खारजमिनीशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. तिथे क्षार येतो तो भरतीच्या पाण्यातून. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते मुख्यतः क्लोराइड आणि सल्फेटचे, म्हणजे सामू फारसा न वाढवणारे क्षार. त्यांच्या सान्निध्यात मातीचे कण गोळा होऊन राहतात, विस्कटत नाहीत. बाहेरून येणारे पाणी बांधाने अडवले, आतले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडले आणि वर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, की वरचा थर दरवर्षी धुऊन निघतो. अलिबाग-पेणकडचा शेतकरी पहिल्या पावसांनी जमीन धुऊन होईपर्यंत थांबतो, मग मोड आणलेले भाताचे बियाणे फेकतो. काळा राता, भुरा राता अशा तिथल्या जुन्या जातींनी खार सोसण्याचे गुण दिले आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यापुढे जाऊन पनवेल मालिकेतल्या जाती काढल्या. बांधांसाठी १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या महापुरात उत्तर समुद्राचे पाणी शेतांत शिरले, तेव्हा तिथल्या शासनाने जिप्सम टाकून ती शेते पुन्हा उभी केली. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या किनाऱ्यावरची बरीच जमीन दोन-तीन पावसाळ्यांत भातासाठी परत मिळाली. बांध टिकला तर किनाऱ्यावरचा खार दरवर्षी धुऊन काढता येतो.

पूर्णेच्या खोऱ्यातला खार तसा धुतला जात नाही. पाऊस ७०० ते ८५० मिलिमीटर, पश्चिमेकडे आणखी कमी. तोही चार-सहा मोठ्या सरींत पडतो आणि फुगलेल्या मातीवरून नाल्याला लागतो. शिवाय इथला क्षार बायकार्बोनेटी. पावसाच्या गोड्या पाण्याने विद्राव्य क्षार थोडे कमी झाले तर कणांना गोळा ठेवणारी शक्तीही तेवढीच कमी होते आणि सोडियम लागलेली माती आणखी विस्कटते. नुसते पाणी भरून अशी जमीन धुवायला जाणे म्हणजे ती बिघडवणे.

माणसाने आणलेला खार

खारपाणपट्ट्यातला खार निसर्गाचा, तर नीरा, कृष्णा आणि गोदावरीच्या लाभक्षेत्रांतला माणसाचा. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि काही दशकांतच बारामती भागातल्या ऊसमळ्यांत पाणी वर येऊन जमिनी चिबड झाल्या. कालव्यातून झिरपलेले आणि पिकाला दिलेले जादा पाणी भूजलपातळी वर ढकलते. ती पृष्ठभागाखाली दीड-दोन मीटरवर आली की केशाकर्षणाने पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच यावर निचऱ्याचे चर खणले आणि अभ्यास प्रसिद्ध केले. त्याआधी वायव्य प्रांतात रेहने, म्हणजे जमिनीवर फुटणाऱ्या क्षाराने, उजाड झालेल्या जमिनींसाठी सरकारने समिती नेमली होती. त्याही आधी चार हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेसोपोटेमियात गव्हाची जागा खार सोसणाऱ्या जवाने घेतल्याचे धान्याच्या नोंदी सांगतात. धोका माहीत नव्हता असे म्हणायला कुणालाच जागा नाही. कालव्याला पैसे मिळाले आणि निचऱ्याला मिळाले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

विहिरीच्या पाण्यानेही तेच घडते, फक्त सावकाश. एक डेसिसायमन विद्युतवाहकतेच्या, म्हणजे ‘चालण्यासारख्या’ पाण्यात लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षात अशा पाण्याच्या ६० सेंटिमीटर पाळ्या दिल्या तर हेक्टरी ६,००० घनमीटर पाण्याबरोबर पावणेचार टनांहून अधिक क्षार शेतात येतो. पीक त्यातला नगण्य भाग उचलते. उरलेला खाली जायला वाट हवी. ती नसली तर तो मुळांच्या थरातच मुक्काम करतो. रावेर-यावल पट्ट्यात तापीच्या गाळावर केळी फुलली त्यात ठिबक सिंचनाचा मोठा वाटा आहे. जळगावातल्या उद्योगाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे तंत्र घरोघरी नेले आणि पाणी वाचले. पण ठिबकने ओला होणारा भाग कांद्याच्या आकाराचा असतो आणि क्षार त्याच्या कडेला ढकलला जाऊन तिथे साठतो. पावसाळा चांगला झाला तर ही कडा धुतली जाते. लागोपाठ दोन-तीन पावसाळे कोरडे गेले आणि विहिरीचे पाणी मचूळ असेल तर केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. केळी ही खाराबाबत नाजूक पिकांपैकी एक आहे.

खानदेशातच याच्या उलट उदाहरणही आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. पाट आणि नदी यांच्या मधली अरुंद जमीन फडांत वाटलेली असे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पिकांची पाळी बदलत राहायची. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. उरलेले पाणी उताराने परत नदीत जाई, त्यामुळे बारमाही पाणी एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे साचून राहण्याची वेळ येत नसे. फडाची वाखाणणी सहसा लोकव्यवस्थापनासाठी होते. त्याच्या आखणीतला निचरा दुर्लक्षित राहतो, खरे तर तोच मोठ्या कालव्यांनी उचलायला हवा होता.

आधी निदान

चोपण जमीन शेतकऱ्याला प्रयोगशाळेआधी कळते. पाऊस उघडला तरी वाफसा येत नाही. शेजारच्या शेतात कुळव चालू असतो आणि इथे पाय रुततो. दोन दिवसांनी तीच माती दगड होते आणि नांगराने ढेकळे निघतात. डबक्यातले पाणी दिवसेंदिवस गढूळच राहते. क्षारयुक्त जमिनीवर पांढरा थर येतो, बी उगवते पण ठिगळाठिगळाने. चोपण जमिनीवर सोडियममुळे विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाची काळसर तकाकी दिसते.

घरी करता येण्याजोगी एक कसोटी फारशी वापरली जात नाही. मातीचे वाळलेले लहान ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या स्वच्छ पाण्यात न हलवता सोडावे. ढेकूळ फुटून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला आणि कित्येक तास तसाच राहिला तर माती विस्कटते आहे, म्हणजे सोडियमचा संशय धरावा. विहिरीचे पाणी या कसोटीला चालत नाही, कारण त्यातले क्षार ढग दाबून ठेवतात.

प्रयोगशाळेकडे नमुना नेताना वरचे १५ सेंटिमीटर पुरेसे नसतात. पूर्णेकाठी वरचा थर बरा आणि खाली क्षार दडलेला, अशी स्थिती नेहमीची आहे. ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे चार नमुने द्यावेत आणि विद्युतवाहकता, सामू, विनिमययोग्य सोडियम आणि चुनखडीचे प्रमाण विचारावे. त्यासोबत सिंचनाच्या पाण्याचाही नमुना हवा. पाण्यातला उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरमागे २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी दरवर्षी जमिनीला सोडियम लावत राहील आणि मातीवर केलेला खर्च त्यात जाईल. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल येथील कृषी विज्ञान केंद्रांत याबाबत सल्ला मिळतो.

उपचाराचा क्रम

क्षारपड जमीन सुधारण्यात तीन कामे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. पहिले निचरा, दुसरे कॅल्शियम, तिसरे धुणे. सल्ल्याच्या पत्रकांत जिप्सम पहिले येते, कारण त्याचे पोते विकत मिळते. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकले तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? तो दोन वितींवर खाली थांबतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वर येतो.

निचऱ्याची सुरुवात शेताच्या उतारापासून होते. बांधबंदिस्ती, सखल जागी तोंड ठेवून उघडे चर, आणि त्या चरांना नाल्यापर्यंत वाट. एकट्या शेतकऱ्याचे काम इथेच अडते, कारण वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते. पावसाळी पाण्यासाठी रुंद वरंबा-सरी पद्धत खारपाणपट्ट्यात उपयोगी पडते. वरंब्यावर पेरलेल्या सोयाबीन-तुरीच्या मुळाशी पाणी साचत नाही आणि सरीतून ते बाहेर निघते. जड चिकणमातीत मोल निचराही चालतो. नांगराच्या टोकाला लावलेला लोखंडी गोळा ४०-५० सेंटिमीटर खोलीवर ओढत नेला की मातीत नळीसारखी वाट तयार होते. खर्च थोडा, पण चिकणमाती पुरेशी जड हवी आणि ती ओलाव्याच्या नेमक्या अवस्थेत हवी. काही हंगामांत ही वाट बुजते आणि पुन्हा ओढावी लागते.

जिथे भूजलच वर आले आहे तिथे भूमिगत सच्छिद्र नळ्या घालाव्या लागतात. गाळणीचे कापड गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या मीटर-सव्वा मीटर खोल, उताराने, ठरावीक अंतरावर पुरून त्यांचे पाणी मोठ्या नळीत आणि तिथून नाल्यात सोडतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राने कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींसाठी या पद्धतीचे मोजमाप बसवले. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने ते गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून शेकडो एकरांच्या गटांवर राबवले. तिथे यश आले त्याचे श्रेय नळ्यांइतकेच सामाईक मुख्य नाल्याला आहे. कारखान्याला ऊस हवा होता, म्हणून कर्ज, जामीन आणि वसुली एका छताखाली आली. कापसाच्या पट्ट्यात असा पाठीराखा नाही. हा साचा पूर्णेकाठी आणताना आधी असा पाठीराखा शोधावा लागेल.

कॅल्शियमचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. काळ्या मातीची धनभार विनिमय क्षमता किलोमागे ५० सेंटिमोल धरली आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवरून ५ वर आणायचा ठरवला, तर किलोमागे ५ सेंटिमोल सोडियम हुसकावावा लागतो. त्याला किलोमागे ४.३ ग्रॅम जिप्सम लागते. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो, म्हणजे शुद्ध जिप्सम साडेआठ टन, एकरी साडेतीन टनांच्या आसपास. दुकानातले जिप्सम ७०-८० टक्के शुद्धतेचे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी मोठा. राजस्थानच्या खाणींतून खानदेशात येईपर्यंत मालापेक्षा वाहतूक जड होते. दुसरी अडचण विरघळण्याची. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. साडेआठ टन विरघळायला हेक्टरी सुमारे ३,४०० घनमीटर पाणी मातीत मुरावे लागते, म्हणजे ३४० मिलिमीटर. वर्षाचा पाऊसच ७००, त्यातला बराच वाहून जाणारा. सगळी मात्रा एका उन्हाळ्यात टाकण्यात म्हणूनच अर्थ नाही. दोन-तीन वर्षांत विभागून, पहिल्या पावसाच्या आधी वरच्या १० सेंटिमीटरमध्ये मिसळून द्यावी. खोल नांगरून गाडलेले जिप्सम वरचा थर सोडून भलतीकडे खर्च होते.

खारपाणपट्ट्याच्या मातीत मात्र कॅल्शियम आधीच पडून आहे, चुनखडीच्या रूपात. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळते. मुळांच्या श्वसनातून आणि सडणाऱ्या पालापाचोळ्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार करतो आणि चुनखडीतला थोडाथोडा कॅल्शियम मोकळा होतो. धैंच्याचे हिरवळीचे खत इथे कामी येते ते नत्राइतकेच या कारणासाठी. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, तो जमिनीत गाडतात. त्याची मुळे घट्ट थर भेदतात, त्या वाटांनी पाणी खाली उतरते. शेणखत, कंपोस्ट, साखर कारखान्याची मळी यांचा उपयोगही याच मार्गाने होतो. गंधकही चुनखडीयुक्त जमिनीत चालते. जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि ते चुनखडीशी मिळून जागेवरच जिप्सम बनवते. मात्र या रूपांतराला काही आठवडे, उष्णता आणि ओल लागते. चुना टाकणे मात्र निरुपयोगी. मातीत तो हवा तेवढा आहे, फक्त कुलूपबंद. ज्यांना जिप्सम परवडत नाही त्यांच्यासाठी धैंचा, शेणखत आणि वेळ हा मार्ग उरतो. त्याला पाच-सात वर्षे लागतात आणि त्या वर्षांचे पोट दुसऱ्या कशावर तरी भरावे लागते. योजनांच्या कागदांवर हा खर्च दिसत नाही.

जमीन सुधारेपर्यंत पीक कोणते घ्यावे, याला मोजमापाचा आधार आहे. कापूस संपृक्त अर्काच्या ७.७ डेसिसायमनपर्यंत घट न दाखवता तग धरतो, ज्वारी ६.८ पर्यंत, गहू ६ पर्यंत. मका १.७ लाच मागे पडू लागतो, भात ३ ला. हे आकडे उगवणीनंतरच्या पिकाचे आहेत. उगवणीच्या वेळी सगळीच पिके नाजूक असतात, म्हणून सरीच्या कडेला, क्षार माथ्यावर चढतो त्याच्या खाली, बी टोकण्याची युक्ती उपयोगी ठरते. कापूस वऱ्हाड-खानदेशात एवढा रुजण्यामागे बाजार आहेच, पण खार सोसण्याची त्याची ताकद हेही एक कारण मानता येते. हरभरा मात्र खाराला दबतो. तरीही पट्ट्यात तो रब्बीत उरलेल्या ओलीवर निघतो, कारण त्यावर विहिरीचे पाणी फिरवले जात नाही.

धुण्यासाठी आणि संरक्षित पाळीसाठी गोडे पाणी हवे आणि ते इथे पावसाचेच. शेततळ्यांचा खारपाणपट्ट्यात म्हणूनच विशेष उपयोग आहे. फुगलेली चिकणमाती पाझर रोखते आणि प्लॅस्टिकचे अस्तर न घालताही तळे पाणी धरते, हा एका दोषाचा मिळालेला फायदा. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णेच्या खोऱ्यातली गावे वेगळा गट म्हणून घेतली आणि शेततळी, रुंद वरंबा-सरी, तुषार संच यांना अनुदान दिले. जळगाव जिल्हा या प्रकल्पात होता. एकट्या शेताच्या पातळीवर ही कामे झाली. नाल्यांची साखळी जोडणारे, अनेक शेतांना सामाईक असलेले निचऱ्याचे काम त्यामानाने मागे राहिले. अनुदान सातबाऱ्यावर मिळते, नाला कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतो.

बाहेर काढलेले पाणी

निचऱ्यातून निघालेले खारे पाणी कुठेतरी जातेच. पूर्णेच्या खोऱ्यात ते पूर्णेत जाते, पूर्णेतून तापीत, तापीतून हतनूरच्या जलाशयात. हतनूरवर भुसावळची वस्ती, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र, वरणगावची आयुध निर्माणी आणि तापीच्या काठची केळी अवलंबून आहे. पावसाळ्यात पूर वाहत असताना चरांचे पाणी त्यात मिसळले तर फरक पडत नाही, दरवाजे उघडे असतात आणि क्षार खंबायतच्या आखाताकडे जातो. उन्हाळ्यात मात्र नदीचा प्रवाह आटतो आणि तेव्हा सोडलेले पाणी जलाशयात साचून राहते. वरच्या अंगाला निचऱ्याची मोठी कामे झाली तर त्यांचे पाणी पावसाळ्यातच सोडण्याची शिस्त लागेल. ती पाळली जाते की नाही हे हतनूरच्या पाण्याच्या मासिक विद्युतवाहकतेवरून कळू शकते. ही तपासणी स्वस्त आहे.

उलट दिशेने नवे पाणीही येत आहे. बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प पूर्णेवर उभा राहत आहे. मूर्तिजापूर भागात घुंगशीचा बॅरेज झाला. बोदवड परिसर सिंचन योजना पूर्णेचे पावसाळी पाणी उचलून जळगाव आणि बुलढाण्याच्या अवर्षणग्रस्त गावांना देणार आहे. वरणगाव-तळवेल उपसा योजना हतनूरच्या फुगवट्याचे पाणी ओझरखेड्याच्या तलावात टाकते. या गावांनी पाण्याची वाट दोन पिढ्या पाहिली आहे आणि त्यांना पाणी देऊ नका असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण यांतल्या ज्या शिवारांत खाली खारे भूजल आणि वर फुगणारी माती आहे, तिथे कालव्याच्या मोकाट पाण्याने पंधरा-वीस वर्षांत नीरेची गत होऊ शकते. खारपाणपट्ट्यात या पाण्याचा रास्त उपयोग म्हणजे खरिपाला एक-दोन संरक्षित पाळ्या आणि रब्बीला तुषाराने मोजून दिलेली ओल. बारमाही ऊस-केळीची मुभा तिथे देऊ नये, आणि ही अट पाणीवाटपाच्या करारात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असावी. पाणी चालू झाल्यावर पीक बदला म्हणून सांगायला गेलेल्या अधिकाऱ्याचे आजवर कुठल्याही कालव्यावर कुणी ऐकलेले नाही.

नीरेची गत होऊ नये म्हणून पाण्यावर नजर ठेवायला लागणारी सामग्री साधी आहे. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावात काही निरीक्षण नळ्या, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भूजलपातळीची आणि खारेपणाची नोंद. पातळी तीन मीटरच्या वर येऊ लागली की पाळ्यांतले अंतर वाढवायचे आणि दोन मीटरच्या आत आली की निचऱ्याचे काम सुरू करायचे. दर तीन वर्षांनी त्याच ठिकाणचे, त्याच चार खोलींचे मातीचे नमुने. नोंदी ग्रामपंचायतीत लावलेल्या असाव्यात, म्हणजे शेजारच्या शिवारात पातळी चढते आहे हे पाणी आपल्या पायाशी येण्याआधी कळेल. पाणीवापर संस्था स्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००५ पासून आहे. पाणी मोजणे हे त्या संस्थेचे काम ठरलेलेच आहे, त्यात भूजलाची नळी मोजण्याचे काम जोडायला वेगळा कायदा लागत नाही.